मातीची लेक आणि बापाचा रकाना

कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेली म्हणजे तिचे काय होते, हा प्रश्न आपल्या साहित्यसंस्थांच्या व्यासपीठांवर बहुधा नाटक आणि कादंबरी यांच्याच संदर्भात चर्चिला जातो. चित्रकथेचा, म्हणजे ज्याला सर्रास कॉमिक म्हणतात त्या प्रकाराचा, विचार त्यात क्वचितच होतो. तो मुलांनी वाचावा आणि मोठ्यांनी रद्दीत घालावा असा ऐवज, अशी आपली समजूत. वास्तविक आमच्या पिढीतील अनेकांचे वाचन इंद्रजाल कॉमिक्सवर पोसलेले आहे. परदेशी फँटम तेथे 'वेताळ' होऊन आला होता, आणि गावच्या देवळात वेताळाला नित्य नमस्कार करणाऱ्या पेडणे महालातील मुलांना हा घट्ट कपड्यांतला, मुखवटा घातलेला वेताळ कोणत्या देवस्थानाचा, असा प्रश्न पडत असे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २०१२ मध्ये मराठी पडद्यावर आला, तेव्हा चित्रपट्टीचे चित्रपटात रूपांतर ही काय चीज आहे याची चुणूक आपल्यालाही मिळाली. परंतु चिंटूचे आईवडील घरातच असतात. त्याच्या जन्मकथेत कोणाला हात घालावा लागला नाही. जिच्या जन्मकथेत आणि नातेसंबंधांत ऐंशी वर्षे सतत हात घातला गेला, अशी एक नायिका आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. ती आपल्या मुलुखातली नाही. पण तिचा प्रश्न आपल्या मुलुखाला परका नाही, असे आमचे मत आहे.

१९४१ च्या अखेरीस अमेरिकेतील 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात वंडर वुमन प्रथम अवतरली. तिचा निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन हा व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. खोटे बोलणाऱ्याच्या रक्तदाबात फरक पडतो या तत्त्वावर त्याने एक चाचणी बसवली होती. नायिकेच्या हातातल्या सोनेरी फासाला पुढे सत्य वदवून घेण्याची जी शक्ती लाभली, तीत त्याच नादाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. चित्रे हॅरी पीटर याची. पुरुषांना मज्जाव असलेल्या बेटावर ॲमेझॉन स्त्रिया राहतात, त्यांची राणी हिपोलिटा अपत्यासाठी आसुसलेली आहे, ती मातीची एक बालमूर्ती घडवते आणि ॲफ्रोडायटी ही देवी त्या मूर्तीत प्राण घालते. १९४२ मध्ये 'वंडर वुमन'च्या पहिल्या स्वतंत्र अंकात सांगितलेली ही तिची जन्मकथा. घडवणारी स्त्री, प्राण देणारी स्त्री, आणि जन्मलेली ती मुलगी, डायना. या व्यवहारात पुरुष कोठेच नाही.

मराठी वाचकाला या कथेत काही विलक्षण वाटू नये. पार्वतीने अंगाच्या मळाचा मुलगा केला आणि त्याला दारावर बसवले, ही कथा आपण दर भाद्रपदात मुलांना सांगतो. त्यात शंकर येतो तो नंतर, आणि येतो तो डोके उडवण्यासाठी. सीता नांगराच्या तासात सापडली. तिला जनकाने वाढवले, पण ती जनकाची नव्हे, भूमीची. पुढे अद्भुतरामायणासारख्या ग्रंथाला ही मोकळी जागा सहन झाली नाही आणि त्याने सीतेला मंदोदरीच्या पोटी घातले. जमिनीतून आलेल्या मुलीला कोणाच्या तरी कुळात बसवून टाकण्याची ही घाई फार जुनी आहे. वंडर वुमनच्या बाबतीत ती घाई उशिरा झाली इतकेच.

१९८७ मध्ये जॉर्ज पेरेझ याने तिची कथा नव्याने मांडली तेव्हा माती कायम ठेवली. उलट तिला अधिक अर्थ दिला. पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांचे आत्मे देवींनी जतन केले, त्यांतून ॲमेझॉन निर्माण झाल्या, आणि पहिल्यांदा मारल्या गेलेल्या गर्भवतीच्या पोटातील न जन्मलेल्या मुलीचा आत्मा हिपोलिटाच्या मातीच्या मूर्तीत आला, अशी त्याची योजना. रूपांतर किंवा पुनर्कथन म्हणजे मूळ कथेची हानीच, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे. मूळ कथेत नसलेली गोष्ट पेरेझने घातली. तरी ती कथेच्या धर्माला धरून आहे. माती का, या प्रश्नाचे उत्तर मार्स्टनने दिले नव्हते, ते त्याने दिले.

२०११ मध्ये मात्र ब्रायन अझरेलो हा लेखक आणि क्लिफ चियांग हा चित्रकार यांनी माती पुसून टाकली. डायना ही झ्यूसची मुलगी. मातीची गोष्ट आईने खरे लपवण्यासाठी रचलेली. सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, पॅटी जेन्किन्स यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला त्याने हाच धागा उचलला. गॅल गॅडॉटने साकारलेल्या डायनाला लहानपणी आई सांगते, की मी तुला मातीतून घडवले आणि झ्यूसकडे तुझ्यासाठी प्राण मागितले. येथेच ॲफ्रोडायटीची जागा झ्यूसने घेतलेली आहे, हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. शेवटच्या युद्धात युद्धदेव एरिस तिला सांगतो, की देवाला मारण्याचे शस्त्र ती तलवार नव्हे, तूच आहेस. कारण तू झ्यूसची आणि ॲमेझॉन राणीची मुलगी आहेस. आईचे म्हणणे लहान मुलीची समजूत काढण्याची थाप ठरते आणि शत्रूचे म्हणणे सत्य ठरते.

या बदलाचा बचाव करता येतो, तो आम्ही आधी मांडतो. चित्रपटाला दोन-अडीच तासांत उत्कर्षबिंदू गाठायचा असतो. जन्माचे गुपित हे त्यासाठी हुकमी साधन. आपल्या संगीत नाटकांपासून हिंदी चित्रपटांपर्यंत सर्वांनी ते वापरले आहे. ग्रीक पुराणकथांत झ्यूसला जागोजाग मुले आहेत, तेव्हा आणखी एक मुलगी झाली तर काय बिघडले, असेही कोणी म्हणेल. चित्रपटही साधा नाही. खंदकांच्या दोन रांगांमधील त्या निर्मनुष्य भूमीवर, जेथे कोणी पाऊल टाकू शकत नव्हते, तेथे डायना शिडी चढून एकटी बाहेर पडते तो प्रसंग आमच्या मते अलीकडच्या काळातील लोकप्रिय चित्रपटांतील उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. आम्ही तो नातवंडांबरोबर पाहिला आणि त्यांच्याइतकेच पुढे सरसावून पाहिला.

पण नेमका हाच प्रसंग पुढील बदलाविरुद्ध साक्ष देतो. त्या शिडीवर पाय ठेवताना डायनाला आपला बाप कोण हे ठाऊक नाही. तिचा प्रियकर तिला अडवत असतो. तिच्या अंगी जे आहे ते आईने आणि मावशीने शिकवलेले आणि समोर उपाशी मरणाऱ्या गावकऱ्यांना पाहून पेटलेले. शेवटच्या युद्धात मात्र तिचे बळ दोन ठिकाणांहून येते: बापाच्या रक्तातून आणि प्रियकराच्या मरणातून. चित्रपटाच्या मध्यावर जी स्वतःच्या निश्चयाने उभी राहिली ती शेवटी वारसाहक्काने जिंकते. पटकथेने स्वतःच कमावलेली गोष्ट स्वतःच गमावली, असे आम्हांस वाटते.

आता हा प्रश्न आमच्यासाठी नुसत्या रसिकतेचा नाही. ज्या एका कचेरीत आमच्या नोकरीची काही वर्षे गेली तेथे नोंदींच्या दुरुस्तीचे अर्ज येत. अर्जात 'बापाचे नाव' हा रकाना असे, आणि तो मोकळा असलेला अर्ज परत जात असे. रेघ मारलेली चालत नसे. एका वृद्ध बाईंचा अर्ज अशा रीतीने तीनदा परत गेल्याचे आम्हांला आठवते. त्या प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे येऊन बसत. अखेर कोणीतरी सुचवले आणि आईच्या बापाचे नाव त्या रकान्यात लिहून प्रकरण निकालात निघाले. कागद पूर्ण झाला. त्यातले खरे किती उरले हे विचारण्याचे कोणाला कारण नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, अविवाहित मातेला अपत्याच्या पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले. म्हणजे रकान्याची गोष्ट चित्रकथेत २०११ मध्ये मागे गेली आणि कायद्यात त्यानंतर पुढे आली.

गोमंतकाला तर ही गोष्ट अधिकच जवळची. देवळांच्या सेवेशी बांधलेल्या घराण्यांतील स्त्रियांनी आईच्या नावावर मुले वाढवली, आणि त्याच घराण्यांतून या भूमीला मोठे गाणे लाभले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे पाहा: पुढे गाव आहे, केरी आहे, कुर्डी आहे. माणसाची ओळख जमिनीने दिली आहे. आपल्यापैकी ज्या घराण्यांनी कुळवृत्तान्त छापून घेतले त्यांनी ते पुन्हा उघडून पाहावेत. कोठून उठलो, कोणत्या नदीअलीकडे स्थिरावलो, कुलदैवत कसे हलवले, याची सविस्तर हकीकत असते. वंशावळीत मात्र बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. लेकी असल्याच तर संख्येने. छांदोग्योपनिषदातल्या जबालेने मुलाला सांगितले, की तुझे गोत्र मला ठाऊक नाही, तू सत्यकाम जाबाल आहेस असेच गुरूंना सांग. गुरूंनी त्याला स्वीकारले ते खरे बोलला म्हणून. २०१७ ची पटकथा लिहिणाऱ्यांनी जबालेच्या तोंडून खोटे वदवले असते.

आणि सातेरी. पेडणे आणि डिचोली महालांत सातेरीचे देऊळ नाही असे गाव शोधावे लागेल. तिचे मूळ रूप वारूळ, आपण रोयण म्हणतो ते. मातीचे, वाळवीने उभारलेले, कोणा शिल्पकाराचा हात न लागलेले. तिला नवरा नाही, बाप नाही. पुढे अनेक ठिकाणी ही सातेरी शांतादुर्गा झाली. शिव आणि विष्णू यांच्यातील कलह शमवणारी, दोघांच्या मध्ये उभी असलेली. या संस्कृतीकरणाला आम्ही नावे ठेवत नाही. शांतादुर्गेच्या कथेतही स्त्रीच श्रेष्ठ आहे, दोन्ही देवांना तीच आवरते. पण पहिली गोष्ट मातीची होती आणि दुसरीत दोन पुरुष आले, एवढी नोंद समीक्षकाने करायला हवी. सुदैवाने आपल्याकडे दुसरी गोष्ट आली म्हणून पहिली खोटी ठरवली गेली नाही. मूर्तीची पूजा होते आणि वारुळाचीही होते. अझरेलोच्या कथेत आणि जेन्किन्स यांच्या चित्रपटात जुन्या कथेला असत्य ठरवल्याशिवाय नवी उभी राहत नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की ती कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण तिला बेतलेली म्हटले असते. जिल लेपोर यांनी २०१४ मध्ये वंडर वुमनच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. त्यात मार्स्टनच्या घरची हकीकत आहे. पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न ही दुसरी स्त्री अशा दोघींसह तो एकाच घरात राहत असे. दोघींना दोन-दोन मुले. ऑलिव्हच्या मुलांना सांगितले जाई, की तुमचे वडील वारले. जिवंत बाप त्याच घरात, त्याच जेवणाच्या मेजावर बसलेला, आणि मुलांच्या रकान्यात एका काल्पनिक मृताचे नाव. बाप नसलेली नायिका लिहिणाऱ्या माणसाचे हे घर. ऑलिव्हच्या मनगटांवरच्या जाड बांगड्या डायनाच्या हातांत आल्या आणि गोळ्या परतवू लागल्या. ही ऑलिव्ह म्हणजे संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची भाची. १९३५ च्या डिसेंबरात सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींशी बोलल्या होत्या. दोघांचे जमले नाही. आपल्या र. धों. कर्व्यांनी त्याआधी चौदा वर्षे, १९२१ मध्येच, मुंबईत हे काम सुरू केले होते आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' काढला. मार्स्टनच्या या घरावरही २०१७ मध्येच अँजेला रॉबिन्सन यांचा वेगळा चित्रपट निघाला. मोठ्या चित्रपटाच्या गदारोळात तो झाकोळला गेला. वाचकांनी दोन्ही पाठोपाठ पाहावेत, अशी शिफारस आहे.

नातेसंबंधांकडे वळू. डायनाचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर हा वैमानिक. १९४१ च्या कथेत त्याचे विमान बेटावर कोसळते, ती त्याची शुश्रूषा करते, प्रेमात पडते आणि त्याच्यामागे जगात येते. हा माणूस सांभाळणे पुढच्या लेखकांना जडच गेले. १९६९ मध्ये त्याला मारून टाकले. १९७५ ते १९७९ च्या लिंडा कार्टरच्या दूरचित्रवाणी मालिकेत काळ महायुद्धातून एकदम समकालात आणला, तेव्हा न वाढणाऱ्या नायिकेपुढे म्हातारा नायक कसा उभा करायचा ही अडचण आली. त्याच नटाला त्याच्याच मुलाची भूमिका देऊन ती सोडवली. पेरेझने त्याला वयाने मोठा स्नेही केले आणि त्याचे लग्न दुसरीशी लावून दिले. २०१२ मध्ये तर डायनाची जोडी थेट सुपरमॅनशी जमवली. एवढी स्थळे आमच्या आळीतल्या कोणा उपवर मुलीला आली नसतील.

या बाबतीत २०१७ च्या चित्रपटाने मूळ कथेवर मात केली आहे, हे मान्य केले पाहिजे. काळ दुसऱ्या महायुद्धाऐवजी पहिल्याचा, १९१८ चा, घेतला. कोणाची बाजू न्याय्य हे ज्यात ठरवणे अवघड, असे ते युद्ध. डायना बेट सोडते ती स्टीव्हसाठी नव्हे, तर युद्ध थांबवण्यासाठी. तो सोबती आहे, कारण नव्हे. तिला तो वाट दाखवतो आणि ती त्याच्याकडून शिकते, तरी हुकूम घेत नाही. विषारी वायूने भरलेले विमान आकाशात नेऊन तो स्वतःसह उडवून देतो. आजवर नायिकांच्या वाट्याला आलेले आत्मबलिदान येथे नायकाच्या वाट्याला आले. येथपर्यंत सर्व उत्तम.

मग २०२० चा दुसरा भाग आला आणि समजले, की ही बाई १९१८ पासून १९८४ पर्यंत त्याच्यासाठी झुरत बसली आहे. सहासष्ट वर्षे! एका ओळखीचा काळ मोजला तर काही दिवसांचा. पुढे इच्छापूर्ती करणाऱ्या दगडामुळे स्टीव्ह परत येतो, तो एका अनोळखी माणसाच्या शरीरात. त्या माणसाचे घर, त्याचे कपडे, त्याचे अंग सारे वापरले जाते आणि त्याची परवानगी घेण्याचा विचार सत्यवादिनी डायनाच्या मनाला शिवत नाही. हीच गोष्ट एखाद्या नायकाने परस्त्रीच्या शरीराबाबत केली असती तर काय म्हटले गेले असते, हे सांगायला नको. प्रेम हवे असेल तर शक्ती जाईल, अशी अट शेवटी येते आणि ती प्रेम सोडते. हीच निवड १९८० च्या दुसऱ्या भागात सुपरमॅनपुढेही होती, हे न्यायासाठी नमूद करतो. पण सुपरमॅनला लोईसआधी अर्धशतकाहून अधिक काळ विरहात ठेवले नव्हते.

रूपांतर करणाऱ्याने मूळ नात्यात किती ढवळाढवळ करावी, याचे आपल्याकडचे आदर्श उदाहरण शकुंतलेचे. महाभारतातल्या शकुंतलेला ना शाप ना अंगठी. दुष्यंत ओळखूनही नाकारतो आणि ती भर दरबारात त्याला धर्म सुनावते. आकाशवाणीने प्रकरण मिटते. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, आणि राजा निर्दोष झाला. शकुंतलेची जीभ मवाळ झाली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्याच्या रंगभूमीवर आणली ती कालिदासाची शकुंतला, १९४३ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमलचा पहिला चित्रपट म्हणून निवडली तीही 'शकुंतला'च. मराठी रंगभूमीचा संगीतसंसार ज्या नाटकाने सुरू झाला त्याच्या मुळाशी नायकाची अब्रू वाचवणारे रूपांतर आहे. कालिदासाचे काव्य इतके थोर की आपण ते विसरतो. पटकथाकारांच्या गाठीशी तेवढे काव्य नसते, म्हणून त्यांचे सांधे दिसतात.

बदलाला आमचा विरोध असता तर आम्ही दशावतार पाहिलाच नसता. आमच्या चोपड्यात काय किंवा मोरजी-मांद्र्यात काय, जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. पुरुष लुगडे नेसून द्रौपदी होतो आणि त्या रात्री सुचेल ते बोलतो. कथा बदलत नाही, कारण ती समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. तो पहारा आहे. चित्रकथेच्या नायिकेचा असा गाव नाही. तिचे हक्क एका कंपनीच्या मालकीचे आहेत.

शेजारच्या केरळात २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'लोका' हा डॉमिनिक अरुण यांचा चित्रपट आला. कल्याणी प्रियदर्शनने केलेली त्यातली अद्भुत शक्तीची नायिका तेथील लोककथेतल्या कळ्ळियंकाट्टु नीलीवरून घडवलेली आहे. लोककथेतली नीली ही नवऱ्याने मारलेली, सूड घेणारी यक्षी. चित्रपटाने नवरा काढून टाकला. देवळात प्रवेश नाकारलेल्या समाजातली एक लहान मुलगी आणि तिच्या माणसांवर चालून आलेला राजा, एवढ्यावर तिचा जन्म बेतला. पुरुषाशी असलेले नाते वगळून नायिकेची उत्पत्ती सांगता येते आणि प्रेक्षकही गर्दी करतात, हे त्यातून दिसले.

हे पाहून आपल्याकडेही कोणाला मोरजाई, लईराई, केळबाई यांची कथा पडद्यावर आणावीशी वाटेल. साहित्य हाताशी आहे: सात बहिणी, एक भाऊ खेतोबा, विस्तव आणायला गेलेल्या त्या भावाला झालेला उशीर, लईराईचा राग आणि त्या रागाचे प्रायश्चित्त म्हणून शिरगावात वैशाखात धोंड तुडवतात ते निखारे. एक बहीण म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या रूपाने दुसऱ्या धर्मात नांदते, हे तर कोणा पटकथाकाराला सुचलेही नसते. या सात जणींत कोणाचाही नवरा कथेत महत्त्वाचा नाही, आणि त्यांच्या बापाची चौकशी आम्ही तरी कोठे ऐकलेली नाही. मात्र पेडण्यात सांगतात ती सात नावे आणि डिचोलीत सांगतात ती सात नावे तंतोतंत जुळत नाहीत. पटकथा लिहिणाऱ्याने त्यांतली एक यादी खरी आणि दुसरी खोटी ठरवण्याआधी दोन्ही महालांतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसावे. मोरजीत सांगणारे अजून आहेत. शिरगावच्या जत्रेला गेल्यास मुळगाव आणि मये वाटेवरच लागतात.